झडती, खुलासा आणि आपली बॅग

कॅमेऱ्याची बॅग कोणती घ्यावी हा नैतिक प्रश्न आहे असे म्हटले तर वाचक हसतील. बॅग ही दुकानात जाऊन, चेन ओढून पाहून, भाव करून घ्यायची वस्तू. तिच्यात नीतीचा काय संबंध? परंतु ती बॅग विमानतळाच्या तपासणीतून न्यायची असेल आणि नेणाऱ्याचे नाव तुमच्या-आमच्यासारखे असेल, तर हा प्रश्न दुकानात संपत नाही. तो घरात येतो, आईच्या तोंडी येतो आणि तेथून शाळेतही येतो. म्हणून त्यावर थोडा विचार करावा असे आम्हाला वाटले.

आमचा तालुका केळापूर, त्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. विमानतळ नागपूरला. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. पूर्वी आमच्याकडे विमान म्हणजे हज, एवढाच अर्थ होता. हाजीसाहेबांना सोडायला अर्धा मोहल्ला नागपूरपर्यंत जायचा आणि काचेच्या दाराबाहेरूनच हात हलवून परतायचा. दाराच्या आत काय होते हे आम्हाला हाजीसाहेब परतल्यावर कळायचे. आता तसे राहिलेले नाही. नोकरीसाठी, परीक्षेसाठी, धंद्यासाठी आमची मुले विमानाने जाऊ लागली आहेत. त्यांत फोटो काढणारीही आहेत. पांढरकवड्याच्या जवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे वाघ पाहायला येणाऱ्यांच्या गळ्यात हातभर लांबीच्या लेन्स पाहून गावातल्या काही पोरांनाही कॅमेऱ्याचा नाद लागला. नादाचे पुढे लग्नाच्या फोटोंचे काम झाले आणि त्या कामाने घरे चालू लागली.

असाच एक तरुण, दहावीपर्यंत उर्दूत शिकलेला, आमच्याकडे आला. दिल्लीच्या एका लग्नाचे काम त्याला मिळाले होते आणि पहिल्यांदाच विमानात बसायचे होते. लहान गावात मास्तराला सगळेच विचारतात. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्जही आणि विमानाची बॅगही. त्याचे दोन प्रश्न होते. पहिला असा, की कॅमेऱ्याची बॅग कशी घ्यावी म्हणजे तपासणीत अडचण येणार नाही? दुसरा प्रश्न त्याने जरा थांबून विचारला. अम्मी म्हणते, बॅगेतून तस्बीह, टोपी आणि ते उर्दूचे पुस्तक काढून ठेव. आधीच काळा कॅमेरा, काळ्या वायरी, वरून उर्दू. कशाला पाहिजे? सर, काढू का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो.

विमानतळावरचे क्ष-किरण यंत्र वस्तूचे रूप पाहत नाही. ती वस्तू किती दाट आहे आणि कोणत्या प्रकारच्या द्रव्याची आहे, एवढेच पाहते. पडद्यावर कपडे, कागद, अन्न, साबण अशा सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळे दिसतात आणि मधल्या प्रकारच्या वस्तू हिरव्या. बहुतेक स्फोटके सेंद्रिय असल्याने नारिंगी रंगाचा दाट ठोकळा दिसला की पडद्यासमोरचा जवान थबकतो. कॅमेऱ्यात धातू, जाड काच, सेल आणि वायरी हे सगळे एकाच जागी असते. वर चार्जर, खाली फ्लॅश, मध्ये लेन्स असे एकावर एक रचले तर पडद्यावर नुसता काळा डाग उमटतो. जवानाला आत काय आहे ते दिसत नाही आणि बॅग बाजूला काढली जाते. यात कुणाचा आकस नसतो. न दिसणारी वस्तू उघडून पाहणे हे त्याचे कामच आहे.

म्हणून बॅग अशी असावी की एक चेन ओढली की पूर्ण पान उघडावे तशी उघडेल. आत कप्पे असावेत आणि वस्तू शेजारी शेजारी ठेवता याव्यात. कॅमेरा, मोठी लेन्स आणि लॅपटॉप पटकन बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवता यावेत, कारण तसे सांगितले जाते. बॅग हातातल्या सामानात बसणारी हवी. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात साधारण सात किलो वजन आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज ११५ सेंटीमीटर ही मर्यादा धरून चालावे. कॅमेऱ्याचे सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक मोठ्या सामानात देता येत नाहीत, ते जवळच ठेवावे लागतात. सामानाच्या कोठारात सेल पेटला तर तो विझवायला तेथे कुणी नसते, हे त्यामागचे कारण. सेलची टोके झाकलेली असावीत. स्क्रू-ड्रायव्हर, चाकू, कात्री मोठ्या सामानात जावी आणि ट्रायपॉडही शक्यतो तिकडेच. कुणी अजून रीळ वापरत असेल तर ते मोठ्या सामानात देऊ नये, तेथील किरण जास्त तीव्र असतात. नव्या सीटी यंत्रांनीही रीळ खराब होते, म्हणून ते हाताने तपासा अशी विनंती करावी. बॅगेवर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव नसावे, चोराला आमंत्रण मिळते. एवढे सांभाळले की बॅगेचा प्रश्न संपला.

दुसरा प्रश्न मात्र असा संपत नाही. गंमत अशी की जाड पुस्तकही यंत्राच्या पडद्यावर नारिंगी ठोकळ्यासारखेच दिसते, मग ते कोणत्याही भाषेतले असो. यंत्राला उर्दू वाचता येत नाही आणि मराठीही येत नाही. म्हणजे पुस्तक वेगळ्या कप्प्यात, सहज हाताला येईल असे ठेवावे, हा सल्ला यंत्राच्या बाजूने योग्यच आहे. परंतु अम्मीचा सल्ला यंत्रासाठी नव्हता. तो माणसाच्या नजरेसाठी होता. त्या नजरेसाठी आपल्या बॅगेतून काय काढावे आणि काय काढू नये, हा खरा प्रश्न आहे.

त्याचा विचार करताना एक गोष्ट आधी कबूल केली पाहिजे. झडती ही मुळात अपमान करण्यासाठी निघालेली पद्धत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे आयसी ८१४ हे विमान काठमांडूहून निघाल्यावर पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्याचे ठरले आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून त्याची सुरुवात झाली. ११ सप्टेंबर २००१ नंतर जगभर तपासणी कडक झाली. त्याच वर्षी डिसेंबरात बुटात स्फोटके घेऊन एक जण विमानात चढला, तेव्हा बूट काढायची वेळ आली. २००६ च्या ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, तेव्हा आंतरराष्ट्रीय प्रवासात अत्तराची बाटली शंभर मिलिलिटरपर्यंतच चालेल असे ठरले. प्रत्येक नियमामागे एक घटना आहे.

कॅमेऱ्याबद्दल तर असे एक उदाहरण आहे की ते आपण विसरता कामा नये. ९ सप्टेंबर २००१ रोजी, म्हणजे न्यूयॉर्कच्या हल्ल्याच्या दोनच दिवस आधी, अफगाणिस्तानात अहमद शाह मसूद यांना मारण्यात आले. मारेकरी दूरचित्रवाणीचे पत्रकार बनून मुलाखतीला आले होते आणि स्फोटके त्यांनी चित्रीकरणाच्या साहित्यात लपवली होती. मरणारा मुसलमान, मारणारेही स्वतःला मुसलमान म्हणवणारे. कॅमेऱ्याकडे संशयाने पाहणाऱ्या जवानाला आपण नावे ठेवतो, तेव्हा हा संशय कुणाच्या करणीने जन्माला आला हेही आपल्या ध्यानात असावे. विमानात शेजारच्या आसनावर आपलीच बहीण बसलेली असते. तिच्या जिवासाठी आपली बॅग उघडली जात असेल तर त्यात राग धरण्यासारखे काही नाही. उलट बॅग नीट लावून, चेन स्वतः उघडून देणे हा आपल्यावरचा हक्कच आहे, बंद्यांचा हक्क, हुकूकुल इबाद.

म्हणजे सर्वांची झडती होत असेल तर तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती झडती नावावरून ठरू लागली की. येथे दोन प्रसिद्ध प्रसंग आठवतात आणि ते दोन्ही एकाच तराजूत टाकू नयेत असे आम्हाला वाटते.

पहिला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर अमेरिकेला जाणाऱ्या विमानात चढताना एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची अंगझडती घेतली. माजी राष्ट्रपतींना आपल्या नियमांनुसार अशा तपासणीतून सूट आहे. जुलैमध्ये हा विषय राज्यसभेत गाजला आणि कंपनीने माफी मागितली. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर तर विमानात बसल्यावर त्यांचे जाकीट आणि बूट तपासणीसाठी मागून नेले गेले. त्या वेळी अमेरिकेच्या सरकारने दिलगिरी व्यक्त केली. देश रागावला होता, कलाम साहेबांनी मात्र गाजावाजा केला नाही. आमच्या समाजात हा प्रसंग 'बघा, कलामांनाही सोडले नाही' असा सांगितला जातो. परंतु २००९ मध्ये त्या कंपनीचे म्हणणे असे होते की आमच्या देशाचा नियम सर्वांना सारखा आहे, कुणालाही सूट नाही. हे म्हणणे खरे मानले तर चूक झाली ती भारताच्या नियमाकडे दुर्लक्ष करण्याची आणि एका मोठ्या माणसाचा मान न राखण्याची. ती नावामुळे झाली असे आपण ठामपणे म्हणू शकत नाही. अन्याय मोजतानाही मापात पाप नको.

दुसरा प्रसंग शाहरुख खानचा. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळावर त्याला तासाहून अधिक वेळ थांबवून चौकशी झाली. आपल्या नावामुळे हे झाले असे त्याने तेव्हा सांगितले. तेथील अधिकाऱ्यांनी ही नेहमीची चौकशी असल्याचे म्हटले. पुढे २०१२ आणि २०१६ मध्येही त्याला अमेरिकेच्या विमानतळांवर असेच थांबवले गेले. एकाच माणसाला तीनदा. ज्याला जग ओळखते त्याचा खुलासा करायला फोन करणारे असतात, वकिलात असते, वर्तमानपत्रे असतात. पांढरकवड्याच्या फोटोवाल्याला यातले काहीच नसते. त्याच्याजवळ आधार कार्ड, बोर्डिंग पास आणि मोडके हिंदी एवढेच. त्याच्या अम्मीची भीती या हिशेबातून आलेली आहे. ती भित्री बाई नाही. तिने हिशेब केला आहे.

आता या हिशेबाला आपला दीन काय म्हणतो ते पाहू. आम्ही आलिम नाही, परंतु शाळेत मुलांना जे किस्से सांगतो त्यांतच या प्रश्नाचा मोठा भाग आहे असे आम्हाला दिसते.

कुरआनातील सूरे यूसुफमध्ये सामानाच्या झडतीचा प्रसंग आहे. हजरत यूसुफ (अ.) मिसरमध्ये अधिकारपदावर आहेत, भाऊ धान्य न्यायला आले आहेत आणि राजाचे माप हरवल्याची हाक दिली जाते. मग सामान उघडले जाते. कुरआन क्रमही सांगतो. आधी इतर भावांच्या गोण्या पाहिल्या, सख्ख्या धाकट्या भावाची गोणी नंतर. माप याच शेवटच्या गोणीत निघते, कारण ते तेथे ठेवलेले असते. हा क्रम योजना उघड होऊ नये म्हणून होता असे तफसीरकार सांगतात आणि ते बरोबरच आहे. परंतु आमचे लक्ष पुढच्या वाक्यावर जाते. माप निघताच थोरले भाऊ काय म्हणाले? याने चोरी केली असेल तर नवल नाही, याच्या भावानेही पूर्वी चोरी केली होती. तो भाऊ म्हणजे खुद्द यूसुफ (अ.), जे समोर उभे राहून हे ऐकत होते. त्यांनी ते मनात ठेवले, उघड केले नाही.

विचार करा. दोघा भावांपैकी एकानेही चोरी केलेली नव्हती. तरी एकाच्या गोणीवरून दुसऱ्याचे नाव काढले गेले आणि दुसऱ्याच्या नावाने पहिल्यावर शिक्कामोर्तब झाले. भावावरून भावाला ओळखणे, नावावरून माणूस तोलणे ही आजची गोष्ट नाही. कुरआनाने ती सांगितली आहे आणि ती खोटी होती हेही सांगितले आहे. शिवाय या किश्श्यात आणखी एक धडा आहे. गोणीत जे निघाले ते गोणीवाल्याने ठेवलेले नव्हते. विमानतळावर कधी कधी विचारतात, ही बॅग तुम्हीच भरली का? कुणी काही दिले आहे का? हा प्रश्न ऐकून चिडू नये. आपली बॅग आपण स्वतः भरावी, कुणाचे बंद पार्सल घेऊ नये, ही सावधगिरी त्या गोणीनेच शिकवली आहे.

याच कुरआनाच्या सूरे हुजुरातमध्ये गुमान, म्हणजे आधारावाचून केलेला संशय, टाळायला सांगितले आहे आणि एकमेकांचे छिद्र शोधत फिरू नका असेही बजावले आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. मदिन्यात रात्री गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले आणि घरमालकाला दारूसह पकडले. तो माणूस म्हणाला, माझा एक गुन्हा झाला असेल, अमीरुल मोमिनीन, पण आपले तीन झाले. आपण छिद्र शोधले, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी घेतली नाही, सलाम केला नाही. खलिफांनी त्याला सोडून दिले. यातून आम्ही असा अर्थ काढतो की तपासणी हवी तर ती दारातून व्हावी. म्हणजे ती सांगून व्हावी, सर्वांसाठी एका नियमाने व्हावी, नमस्कार-सलाम करून व्हावी. रांगेत सर्वांची बॅग यंत्रातून जाते ती दारातून आलेली तपासणी. रांगेतून एकालाच नाव वाचून बाजूला घेणे ही भिंतीवरून आलेली.

येथे कुणी म्हणेल, हा हक्क दुसऱ्याकडून मागायचा तर आधी आपण काय करतो? प्रश्न रास्त आहे आणि तो आम्हा शिक्षकांना जास्त लागू पडतो. वर्गात कुणाचे पैसे हरवतात, कंपास हरवते. शिक्षक म्हणतो, दप्तरे काढा. पण पहिले दप्तर कुणाचे उघडले जाते? ज्याचा बाप हमाली करतो त्याचे, की ज्याचा बाप शाळेच्या समितीवर आहे त्याचे? ज्या मुलाच्या मोठ्या भावाची मागे तक्रार आली होती त्याचे आधी उघडले जात असेल, तर यूसुफच्या भावांचेच वाक्य आपण न बोलता उच्चारले असे होते. मुले हे क्षणात ओळखतात. कोणत्या दप्तराकडे मास्तरांची नजर आधी गेली हे चाळीस मुलांना एकदम कळते, आणि हरवलेले पैसे सापडले तरी त्या मुलावरचा डाग जात नाही. झडती घ्यावीच लागली तर ती पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, सर्वांची, एकाच रीतीने घ्यावी, आणि मुलाने स्वतःच्या हाताने दप्तर उघडावे. एवढे आमच्या वर्गात पाळले जात असेल तर विमानतळावर तेच मागायला आमची जीभ अडखळणार नाही.

आता तस्बीह, टोपी आणि पुस्तकाकडे येऊ. ते काढावे या बाजूने एक भक्कम आधार दिला जातो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. संशयाच्या जागा टाळाव्यात, हे आपल्याकडे लहानपणापासून सांगितले जाते आणि त्यासाठी हजरत सफिय्या (रजि.) यांची हदीस सांगतात. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. प्रेषित मुहंमद (स.) रमजानमध्ये मशिदीत एतेकाफला होते. सफिय्या (रजि.) त्यांना भेटायला आल्या. परतताना त्यांना सोडायला प्रेषित (स.) थोडे चालून गेले. वाटेत दोन अन्सारी भेटले आणि एका स्त्रीला सोबत पाहून घाईने पुढे निघाले. प्रेषितांनी त्यांना थांबवले आणि सांगितले की ही हुयय्यची मुलगी सफिय्या आहे. ते दोघे ओशाळले, आपल्याबद्दल आम्ही असे कसे मनात आणू, म्हणाले. प्रेषितांनी (स.) सांगितले की सैतान माणसात रक्तासारखा फिरतो, त्याने तुमच्या मनात काही टाकू नये म्हणून सांगितले.

या हदीसवरून लोक सांगतात की संशय येईल असे वागू नये, आला तर दूर करावा. बरोबर आहे. पण ती पुन्हा वाचून पाहा. प्रेषितांनी (स.) काय केले आणि काय केले नाही? त्यांनी खुलासा केला. सफिय्यांना मागे वळवले नाही, अंधारात उभे केले नाही, त्यांच्यापासून दूर होऊन चालले नाहीत. नाव सांगितले तेही वडिलांच्या नावासह, आणि ते वडील हुयय्य इब्ने अख्तब, मदिन्यातल्या लोकांना विरोधक म्हणून ठाऊक असलेले यहुदी सरदार. लपवायचेच असते तर हे नाव सांगितले नसते. आपल्या माणसाला त्याच्या पूर्ण नावाने समोर उभे करून त्यांनी संशय दूर केला.

खुलासा आणि लपवणूक यांत आम्ही हा भेद करतो. चोरापासून वस्तू लपवणे ही सावधगिरी. रखवालदारासमोर वस्तू उघडी करणे हा खुलासा. आणि रखवालदाराच्या नजरेसाठी आपण कोण आहोत तेच बॅगेतून काढून ठेवणे ही तिसरी गोष्ट आहे. तिला सावधगिरीचे नाव दिले जाते, पण तिच्यात एक कबुली दडलेली आहे. तस्बीह काढून ठेवणारा मनातल्या मनात मान्य करतो की तस्बीह ही चाकू-कात्रीच्या यादीतली वस्तू आहे. ते मान्य करायला आम्ही तयार नाही. स्क्रू-ड्रायव्हर मोठ्या सामानात टाकावा, त्यात आपले काही जात नाही. उर्दूचे पुस्तक त्याच्याबरोबर टाकले तर जाते.

याला उत्तर देणारे आहेत. ते म्हणतील, मास्तर, गावात बसून हे लिहायला सोपे आहे. विमान चुकले, काम गेले, पोराला तासभर खुर्चीवर बसवले, तर तुम्ही येणार का सोडवायला? हे उत्तर आम्ही हलके मानत नाही. ज्याला किंमत मोजावी लागते त्यालाच ठरवण्याचा पहिला हक्क आहे. एखाद्याचे पहिले काम आहे, घरी कर्ज आहे, त्या दिवशी त्याने पुस्तक घरी ठेवले तर आम्ही त्याला भ्याड म्हणणार नाही. शरीअतही सक्तीत सापडलेल्या माणसाला सवलत देते. परंतु सवलत ही सवलतच राहावी, तिचा रिवाज होऊ नये. आज पुस्तक, उद्या टोपी, परवा फोनवर अम्मीला सलाम करताना आवाज हळू. चौथ्या दिवशी मुलाला समजते की आपली भाषा घरात बोलायची आणि बाहेर लपवायची वस्तू आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्यांना ही चौथ्या दिवसाची भीती विमान चुकण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटते. ज्या लिपीत मुलाने पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिले, त्या लिपीची त्याला लाज वाटू लागली तर आमच्या शिकवण्याचे काय उरले?

शिवाय सगळे लपवू लागले तर नजर बदलणार कशी? पडद्यासमोर बसलेला जवानही आपल्यासारखाच कुणाचा तरी मुलगा, महिन्याच्या पगारावर बारा प्रकारची माणसे पाहणारा. त्याने शंभर बॅगा पाहिल्या, शंभर तस्बीहा पाहिल्या, शंभर उर्दू पुस्तके उघडून त्यांत गजला आणि अभ्यासक्रमाचे धडे पाहिले, तर एकशे एकावे पुस्तक त्याला पुस्तकच वाटेल. आपण ती पुस्तके घरी ठेवली तर त्याने उर्दू अक्षरे फक्त बातम्यांतच पाहिलेली असतील. सवयीने संशय जातो. ती सवय लावणे थोडे आपल्याही हाती आहे. अर्थात सगळा भार आपल्यावर टाकून चालणार नाही. तपासणाऱ्याला शिकवणे, नावावरून माणूस बाजूला न काढणे, चूक झाली तर माफी मागणे, ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. माफी माजी राष्ट्रपतींना मिळते तशी फोटोवाल्यालाही मिळाली पाहिजे. कुणी अपमान केला तर शांतपणे नाव आणि वेळ टिपून लेखी तक्रार करावी, हेही मुलांना शिकवावे लागेल. चिडून बोलणे आणि गप्प बसणे यांच्या मधला हा रस्ता आपल्याकडे फार कमी वापरला जातो.

मग बॅग कोणती घ्यावी? एका चेनने पूर्ण उघडणारी, वेगळ्या कप्प्यांची, मर्यादेत बसणारी. सेल वरच्या बाजूला, कॅमेरा सहज निघेल असा, कात्री-चाकू नाही. पुस्तक बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे यंत्रालाही सोपे आणि विमानात वाचायलाही सोपे. तस्बीह खिशातून काढून ट्रेमध्ये, किल्ल्या आणि नाण्यांच्या शेजारी, कारण तिच्या लडीत धातू असेल तर दरवाजातले यंत्र वाजते. टोपी असेल तर काढायला सांगितल्यावर काढावी, पाहून झाले की पुन्हा घालावी. विचारले तर सलाम किंवा नमस्कार करून सांगावे, हा कॅमेरा, ही लेन्स, हे उर्दूचे पुस्तक. पूर्ण नाव सांगावे, वडिलांच्या नावासह, आणि आवाज हळू करू नये.